बोटीवरचा सीओ अलार्म: तीन हिवाळे वापरून मग लिहितेय

फक्त स्टार बघायला आला असाल तर पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच. पण वेळ असेल तर पूर्ण वाचा, कारण सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हा विषारी वायू हवेत वाढला की वाजणाऱ्या, साधारण पंचवीस पाउंडाच्या या पांढऱ्या डबीमुळे मी आणि माझा नवरा आज जिवंत आहोत, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये.

आम्ही इंग्लंडमधे कॉव्हेंट्रीला राहतो. ब्रॉन्स्टनजवळ ग्रँड युनियन कॅनॉलवर आमची एक सेकंडहँड नॅरोबोट बांधलेली असते, ४५ फुटी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, नॅरोबोट म्हणजे जेमतेम सात फूट रुंद, लांबच लांब पोलादी डबा, आत शिरलं की आपल्या रेल्वेच्या डब्यात शिरल्यासारखं वाटतं, एका टोकाला पलंग, मधे स्वयंपाक, दुसऱ्या टोकाला बसायची जागा. आता त्या सात फुटी डब्यात काय काय जळतं ते मोजा: कोळशाची शेगडी (इथे स्टोव्ह म्हणतात, पण आहे ती शेगडीच, धुराडं लावलेली), गॅसची शेगडी, डिझेलचं इंजिन आणि डिझेलवरचा हीटर. चार चार आगी आणि थंडीमुळे दारं-खिडक्या गच्च बंद. आपल्याकडे बंद बाथरूममधे गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात ना, तोच वायू, तोच प्रकार, फक्त इथे आख्खं घरच बाथरूमएवढं.

बोट घेतली तेव्हा तिच्यात एक जुना अलार्म होताच, पिवळा पडलेला, खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला. बटण दाबलं की पीप वाजायचा म्हणून आम्ही खूश. इथे बोट सेफ्टी स्कीम म्हणून प्रकार आहे, दर चार वर्षांनी बोटीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या बोटीत एप्रिल २०१९ पासून सीओ अलार्म सक्तीचा झालाय. तर तपासायला आलेल्या माणसाने तो अलार्म खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि मागचं स्टिकर नुसतं मला दाखवलं. बदलायची तारीख पाच वर्षांपूर्वीच होऊन गेली होती! मी म्हटलं अहो पण वाजतोय की, तर तो म्हणाला बटण दाबलं की बॅटरी आणि भोंगा चालू आहे एवढंच कळतं, आतला सेन्सर जिवंत आहे की मेलाय ते त्या बटणाला नाही कळत. सेन्सर म्हणजे एक छोटा रासायनिक सेल असतो, त्याचं आयुष्य ठरलेलं असतं, मॉडेलप्रमाणे पाच, सात किंवा दहा वर्षं. मग ती फक्त वाजणारी डबी उरते. म्हणजे आम्ही एवढे दिवस एका मेलेल्या वस्तूच्या भरवशावर झोपत होतो.

मग मी घाईघाईत ऑनलाइन स्वस्तातला मागवला, आठ पाउंड, छान निळा डिस्प्ले, भरपूर पाच स्टारवाले रिव्ह्यू. आला, उलटा केला (तोवर ही सवय लागली होती) तर मागे काहीच नाही. ना स्टँडर्डचा नंबर, ना बदलायची तारीख, ना कोणी टेस्ट केल्याची खूण. परत पाठवला. इथे रागावून सांगते, सीओ अलार्मवर पैसे वाचवू नका, चहाच्या किटलीवर वाचवा.

तिसरा घेतला तो हा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मॉडेल बदलत राहतात आणि तुम्ही जिथे असाल तिथे हाच मिळेल असं नाही. नावापेक्षा मागचा स्टँडर्डचा नंबर बघा: ईएन (म्हणजे युरोपियन स्टँडर्ड) ५०२९१-२. यातला शेवटचा '-२' महत्त्वाचा आहे. '-१' हा घरासाठी असतो, '-२' हा कॅरव्हॅन आणि बोटीसाठी, म्हणजे सतत थरथरणाऱ्या, धक्के खाणाऱ्या जागेचा विचार करून टेस्ट केलेला. इथल्या बोटींसाठी '-२' वालाच घ्या असं सांगतात. आणि स्मोक अलार्म आहे आमच्याकडे, मग हा कशाला असं विचारणारे खूप भेटतात, त्यांना सांगते की स्मोक अलार्मला सीओ कळत नाही, दोन्ही वेगवेगळे लागतात.

वस्तू म्हणून कसा आहे, तर हातात मावतो, साबणाच्या मोठ्या वडीएवढा. बॅटरी आत सील केलेली, सात वर्षांची, बदलायची कटकट नाही आणि कोणी रिमोटसाठी सेल काढून नेण्याचीही भीती नाही. समोर डिस्प्लेवर आकडा पीपीएममधे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सीओचे किती भाग. आणि एक पीक बटण, ते दाबलं की मागच्या वेळेपासून सगळ्यात जास्त आकडा किती गेला होता तो दिसतो. हे बटण मला सगळ्यात आवडलं. बोटीवर आपण रोज नसतो, शुक्रवारी संध्याकाळी गेलं की आधी पीक बघायचं, मग चहा.

अलार्म कधी वाजतो हे नीट समजून घ्या, कारण यावरून लोक उगाच चिडतात की "आकडा ४० दिसतोय तरी वाजत नाही, खराब आहे". खराब नसतो. स्टँडर्डच तसं आहे: ३० पीपीएमला दोन तास व्हायच्या आत वाजायचंच नाही, ५० ला एक ते दीड तासात, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० झाले की तीन मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे. सीओ शरीरात हळूहळू साठतो ना, म्हणून आकडा आणि वेळ दोन्ही धरून हिशोब केलाय. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा सीओला दोनशेपट जास्त घट्ट धरतं, एकदा धरलं की पटकन सोडत नाही, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. ना वास, ना रंग, ना डोळे चुरचुरणं. डिस्प्लेवाला घ्या हे मी त्यासाठीच म्हणते, भोंगा वाजायच्या आधीच आकडा चढताना दिसतो.

आता ती रात्र.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, शनिवार. दाट धुकं, वारा अजिबात नाही, कॅनॉलच्या पाण्यावर पान हलत नव्हतं. रात्रभर ऊब टिकावी म्हणून नवऱ्याने शेगडीत स्मोकलेस कोळशाच्या वड्या भरल्या आणि खालची हवेची झडप जवळजवळ बंद केली, सगळेच करतात तसं. स्मोकलेस या नावावर जाऊ नका हं, धूर कमी होतो, सीओ तेवढाच होतो, उलट कोंडून धुमसत ठेवलं की जास्तच. साडेदहाला झोपलो. पहाटे तीन वीसला भोंगा. चार पीप, जरा थांबून परत चार पीप. मला ऐकू येत होतं पण उठावंसं वाटत नव्हतं, अंग जड, डोकं ठणकतंय, स्वप्नातच कोणीतरी दाराची बेल वाजवतंय असं वाटत राहिलं. नवरा झोपेतच म्हणाला, बॅटरी संपली असेल, सकाळी बघू. नशीब की मी मॅन्युअल वाचलं होतं, बॅटरी संपली की मिनिटाला एकच बारीक टिक होते, चार पीप म्हणजे सीओच. तेवढं एक वाक्य डोक्यात होतं म्हणून उठले. हिरवट डिस्प्लेवर ११२.

पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं, रजया गुंडाळून दोघं टोपाथवर येऊन उभे राहिलो, म्हणजे कॅनॉलकाठची पायवाट. नवऱ्याला चालताना धरावं लागलं, तो बाहेर येऊन उलटी करायला बसला. आधी बाहेर या, मग फोन करा, शेगडी विझवत आत थांबू नका. आम्हाला तो मोह झाला होता खरं तर.

यातली एक गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचावी असं मला फार वाटतं. कोविडमधला पल्स ऑक्सिमीटर आमच्या गाडीत पडलेला होता. तो नवऱ्याच्या बोटाला लावला तर ९८! आम्ही म्हटलं चला, काही नाही झालं, घरी जाऊन झोपू. तरी मी १११ ला (इथला फोनवर वैद्यकीय सल्ला देणारा नंबर) फोन केला आणि त्यांनी सांगितलं थेट हॉस्पिटलला जा. तिथल्या नर्सने समजावलं की बोटाला लावायच्या त्या चिमट्याला ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन आणि सीओवालं हिमोग्लोबिन यातला फरकच कळत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात. विषबाधा झालेल्या माणसालाही तो ९८ दाखवतो! रक्त तपासूनच खरं कळतं. दोघांच्याही रक्तात सीओ निघाला, मास्क लावून काही तास ऑक्सिजन दिला. साध्या हवेत सीओ अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कवर तेच तासा-दीड तासात होतं, म्हणून तो मास्क. पलीकडच्या खाटेवर नवरा मास्क लावून झोपला होता, काचेवर त्याच्या श्वासाची वाफ येत-जात होती आणि मी नुसती तेच बघत बसले होते.

तिथे बसून मला आधीच्या किती तरी रविवारच्या सकाळी आठवल्या. बोटीवर राहिलं की सकाळी डोकं दुखायचं. दोघांचंही. आम्ही म्हणायचो हवा बदलली, झोप नीट झाली नाही, काल वाईन झाली. दुपारी घरी आलो की बरं वाटायचं. हीच खूण असते: एकाच जागी सगळ्यांचं एकदम डोकं दुखतं, मळमळतं, आणि बाहेर पडलं की बरं वाटतं. ताप नसलेला फ्लू. बोटीवर तर हे हमखास "बोट लागली" म्हणून खपून जातं. तेव्हा नवा अलार्म होता, पण मी एकच घेतला होता आणि तो शेगडीकडच्या टोकाला होता, आणि पीक बटणाकडे मी तेव्हा लक्षच देत नव्हते. पलंगाशेजारचा दुसरा आम्ही त्या नोव्हेंबरच्या दोनच आठवडे आधी लावला होता. वाजला तो तोच.

दुसऱ्या दिवशी शेगडीवाल्याला बोलावलं. धुराड्याच्या वळणात काजळी साचून भोक निम्म्याहून कमी झालं होतं, शेगडीच्या दाराभोवतीची दोरी (त्यानेच दार घट्ट बसतं) चपटी होऊन गेली होती, त्यात धुकं आणि वारा पडलेला, म्हणजे धूर वर ओढलाच जात नव्हता. आणि पलंगावरचा मशरूम व्हेंट, म्हणजे छतातलं ते गोल टोपीवालं हवेचं भोक, त्यात नवऱ्याने थंडी येते म्हणून जुना मोजा कोंबला होता. तो मोजा मी काढून टाकला तेव्हा दोघंही काही बोललो नाही. बोटीवरची ही भोकं ठरवून हिशोबाने ठेवलेली असतात, ती बुजवायची नसतात. आता दर सीझनला धुराडं साफ, दारावर नवी दोरी, आणि झोपताना शेगडी कोंडून ठेवणं बंद. थंडी वाजली तर गरम पाण्याची पिशवी घेतो.

कुठे लावायचा ते: शेगडीपासून आडवं एक ते तीन मीटर, भिंतीवर लावला तर छतापासून निदान १५ सेंटिमीटर खाली, आणि झोपायच्या जागी उशीच्या आसपास, जिथे आपण श्वास घेतो तिथे. सीओ हवेएवढाच हलका-जड असतो, खाली बसत नाही की नुसता वर जात नाही, सगळीकडे मिसळतो. शेगडीच्या डोक्यावर लावू नका, खिडकीच्या किंवा व्हेंटच्या तोंडाशी लावू नका, पडद्यामागे, कपाटात तर अजिबात नाही. बॅटऱ्यांच्या कप्प्याजवळही नको, कारण लेड अ‍ॅसिड बॅटरी जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सुटतो आणि या सेन्सरला तो सीओसारखाच भासतो. वॉर्निश, रंग, स्प्रे यांनीही तो बिथरतो, आम्ही फळ्यांना वॉर्निश केलं तेव्हा बाहेर नेऊन ठेवला होता. पण वाजला तर आधी खरंच समजा, बाहेर या, कारण नंतर शोधा. शेजारच्या बोटीवाल्याने बॅटरी चार्ज करायला इंजिन चालू ठेवलं तरी त्याचा धूर आपल्या खिडकीतून आत येतो, आमच्याकडे एका दुपारी त्यामुळेच आकडा २६ ला गेला होता, खिडकी लावली, त्याला जाऊन सांगितलं, त्याने बिचाऱ्याने लगेच बंद केलं.

अर्धा स्टार कशाचा कापला: बदलायची तारीख मागे इतक्या बारीक अक्षरात आहे की चष्मा लावूनही नीट दिसत नाही, मी मार्करने पुढेच मोठ्ठं '२०२९' लिहून ठेवलंय. डिस्प्लेला मागून उजेड हवा तेवढा नाही. आणि १० च्या खाली आकडा शून्यच दिसतो, मला खालचाही बघायला आवडला असता. भोंग्याबद्दल तक्रार नाही, ८५ डेसिबल लिहिलंय आणि तेवढा हवाच.

कोणाला वाटेल आमचंच नशीब वाईट. तर १ एप्रिल २०१३ ला, ईस्टरच्या सुट्टीत विंडरमीअर तलावावर एका बोटीत आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी गेली. साधा जमिनीवर वापरायचा जनरेटर इंजिनाच्या जागेत बसवला होता, त्याचा घरगुती जोडलेला सायलेन्सर निसटला आणि धूर केबिनमधे शिरला. बोटीला अलार्म सिस्टीम बसवलेली होती, ती वाजली नाही. डिसेंबर २०१९ मधे यॉर्कला एका बोटीत दोन जण गेले, डिझेल हीटरच्या धुराच्या नळीचा जोड सुटला होता, अलार्मच नव्हता. आणि जानेवारी २०१४ ला व्हिटबी बंदरात एका मासेमारी बोटीत दोन खलाशी झोपेतच गेले. ऊब मिळावी म्हणून गॅसचा ग्रिल पेटता ठेवला होता. तिथेही अलार्म नव्हता.

ती व्हिटबीची गोष्ट वाचली आणि माझ्या डोळ्यासमोर माझ्या काकांचा ट्रॉलर आला. काका मालवणला तांडेल आहेत. ट्रॉलरच्या त्या इवल्याशा केबिनमधेच गॅसवर कालवण-भात होतो, तिथेच खलाशी आडवे होतात, आणि ऑगस्टमधे बंदी उठून बोटी बाहेर पडतात तेव्हा पाऊस असा झोडपत असतो की ताडपत्री ओढून सगळं बंद करावं लागतं. खाली इंजिन चालूच. म्हणून मागच्या वेळी जाताना बॅगेतून एक अलार्म नेला. काकांनी हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "गो, समुद्रात वाऱ्याक काय तोटो?"

प्रश्न बरोबर वाटतो ना? मलाही आधी वाटायचा. मग मी त्यांना अमेरिकेतल्या लेक पॉवेलचं सांगितलं. ऑगस्ट २००० मधे तिथे दोन भाऊ, एक अकरा वर्षांचा आणि एक आठ, हाउसबोटच्या मागच्या फळीखाली पोहत गेले आणि तिथेच गेले. उघडं आकाश, एवढा मोठा तलाव, पण जनरेटरचा धूर त्या फळीखालच्या जागेत सोडलेला होता आणि तिथे कोंडला होता. शिवाय बोट पुढे जाताना तिच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते, मागे सोडलेला धूर त्या पोकळीतून परत केबिनमधे ओढला जातो. हे ऐकल्यावर काका जरा गप्प झाले. म्हणाले, मागून वारा असला की डिझेलचा वास आत येतो खरा, पोरांची डोकी दुखतात, आम्ही म्हणतो ऊन लागलं.

हा अलार्म खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायची वस्तू नाही, हे त्यांना बजावून आले, केबिनच्या आत कोरड्या जागी लावा. निघाले तेव्हा तो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी होता, मला वाटलं तिथेच राहणार. महिनाभराने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, अलार्म बरोब्बर गॅसच्या डोक्यावर ठोकलेला. मी लगेच फोन केला, काका तिथे नको, फोडणीच्या वाफेनेच बिघडेल तो. दोन दिवसांनी दुसरा फोटो: झोपायच्या फळीशेजारी, उशीपासून हातभर वर, दोन स्क्रू, आणि कोणातरी खलाशाने निळ्या ऑइलपेंटने बाजूच्या लाकडावर लिहिलेलं, "बदलणे २०३१".